‘आई, तू कवा येशीन?’ : शाळा सुरू होतानाचे तुमचे प्रश्न

यावेळी पत्रं आणि मेसेज खूप आले, सगळ्यांची उत्तरं जागेअभावी देता येत नाहीत, पण बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून त्यातले काही निवडले. आंबे संपले, कुरड्या-पापड डब्यात गेले, कूलर अजून चालूच, आभाळ रोज संध्याकाळी भरून येतं अन् तसंच निघून जातं, असे हे आपले जूनचे दिवस. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळं उशिरा. 2024 मध्ये तर 1 जुलै उजाडला, 2025 मध्ये 23 जूनला शाळा उघडली आणि पहिला आठवडा सकाळी 7 ते 11.45 अशी भरली. म्हणजे बघा, लेकराचा शाळेतला पहिला आठवडा आणि आपली पेरणी एकाच वेळी येते. पालकांसाठीच्या बऱ्याच लेखांत लिहिलेलं असतं की पहिले चार-आठ दिवस सुट्टी घेऊन लेकरासोबत राहा. पाऊस पडून वावर वापशावर आलं, म्हणजे पेरण्याजोगं झालं, की कोण सुट्टी देणार? म्हणून मी उत्तरं देताना पेरणी धरूनच देते. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीवरच गेली, जे लिहिते ते तिथं पाहिलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहा वर्षाची आहे, यंदा पहिलीत जाईल. दोन महिने मामाच्या गावाला होती, तिथं रात्री बारा-बारा वाजेपर्यंत अंगणात खेळणं आणि सकाळी नऊला उठणं. आता म्हणते का मी शाळेतच नाही जात, तू मले सोडून पळून जाशीन. (अंगणवाडीत पहिल्यांदा सोडलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या तिची नजर चुकवून निघून ये, तसंच केलं होतं मी.) आम्ही दोघंही वावरात असतो, पाऊस आला की सरकी लावायची धावपळ. काय करू सांगा. (एक आई, ता. दारव्हा)

उत्तर : बाई, तुम्ही कंसात लिहिलेलं आहे ना, तिथूनच सुरू करू. दोन-तीन वर्षं झाली त्या गोष्टीला पण तुमची पोरगी ती विसरली नाही. सासूबाईंचंही चुकलं असं मी म्हणत नाही, आपल्याकडं सगळे तेच सांगतात, लेकरू रडताना बघवत नाही म्हणून. पण वर्गाच्या आतून मी काय पाहिलं ते सांगते. ज्या लेकराची आई सांगून गेली ते मोठ्यानं रडायचं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, मग शेजारच्याचा खडू ओढायला लागायचं. ज्याची आई नजर चुकवून गेली ते कमी रडायचं, पण त्याची नजर दिवसभर दरवाजावर, हातात पाटी दिली तरी लक्ष बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी ते आईचा पदर सोडतच नव्हतं, कारण त्याला कळलेलं असायचं की मी खेळात गुंतलो की आई गायब होते. मग ते खेळतच नाही.

तर सांगून जा. दोन वाक्यं, रोज तीच, ‘मी वावरात जातो, खिचडी खाऊन घंटा झाली की आजी घ्यायले येईन’, एवढं बोलायचं, डोक्यावरून हात फिरवायचा आणि निघायचं, मागं वळून तीनदा बघायचं नाही. ‘पावणेबाराला येते’ म्हणून उपयोग नाही, सहा वर्षाच्या लेकराला पावणेबारा म्हणजे काय ते कळत नाही, खिचडी कळते, घंटा कळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो येणार त्याचंच नाव घ्या. ‘मी येते’ म्हणून सांगितलं आणि ढग आले म्हणून तुम्ही वावरातच राहिल्या अन् दिराला पाठवलं, तर तुमच्या दृष्टीनं काही बिघडलं नाही, लेकरू तर घरी आलंच ना, पण तिच्या दृष्टीनं आईनं सांगितलेलं पुन्हा खोटं निघालं. त्यापेक्षा आधीच सांगा, पाऊस आला तर आजोबा येतील, नाही आला तर मी येईन. आपल्या गावची लेकरं आभाळ बघतच मोठी होतात, पाऊस आला की घरात काय होतं हे तिला चांगलं माहीत आहे, ती समजून घेईल.

झोपेचं म्हणाल तर या वयाच्या लेकराला रात्रीची 9 ते 12 तास झोप लागते, आणि सकाळची शाळा असेल तर साडेपाच-सहाला उठावं लागणार. एका रात्रीत हे होत नाही. रात्री लवकर झोपवायच्या मागं लागू नका, गरमीत नऊ वाजता तिला झोप येणारच नाही आणि तुमची नुसती चिडचिड होईल. सकाळपासून सुरुवात करा, रोज वीस मिनिटं लवकर उठवायचं, अंगणात बाजेवर झोपत असेल तर उजेडानं आपोआप जाग येते, आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची. आठ-दहा दिवसात गाडी रुळावर येते.

आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. शाळा उघडायच्या आधी एखाद्या संध्याकाळी तिला शाळेत नेऊन संडास-मुतारी कुठं आहे ते दाखवा, कडी आतून लावता-उघडता येते का ते बघा. कितीतरी लेकरं शाळेत रडतात ती अभ्यासाला घाबरून नाही, सूला जायचं कुठं आणि विचारायचं कसं याला घाबरून, दुपारपर्यंत दाबून बसतात, पाणी पीत नाहीत, मग पोट दुखतं म्हणतात आणि घरचे म्हणतात बहाणे करून राहिली. चड्डी इलॅस्टिकची द्या, हुक-बटनाची नको. गावात ‘पहिले पाऊल’चा, म्हणजे पहिलीत जाणाऱ्या लेकरांच्या शाळापूर्व तयारीचा, मेळावा असेल तर तिला घेऊन जा, तिथं मॅडमची ओळख होते अन् तुम्हालाही कळतं लेकरू कुठं आहे.

वावरातून थकून आल्यावर ‘आज काय शिकवलं’ विचारू नका, बहुतेक ‘काही नाही’ असंच उत्तर येतं. तुम्हीच तुमचं सांगा, आज पेरणीची किती तासं (ओळी) झाली, बैल कसा अडला, जेवायला झाडाखाली कोण कोण होतं. दहा मिनिटं. दोन-तीन दिवसांनी ती तिचं सांगायला लागेल, तुम्हाला बोलूच देणार नाही.

प्रश्न : आमचा मुलगा तालुक्याच्या ठिकाणी शाळेत जातो, आता दुसरीत. मागच्या वर्षी तिथं सांगितलं की घरी शुद्ध बोलत जा, तो मले-तुले म्हणतो आणि वर्गात मुलं हसतात. आम्ही प्रयत्न केला पण उन्हाळ्यात तो आजीला म्हणाला, ‘आजी, तुला बरोबर बोलता येत नाही.’ माझी आई काही बोलली नाही पण त्या दिवसापासून त्याच्याशी गप्पा कमी करून टाकल्या तिनं. शाळा सुरू होईल तर पुन्हा तेच. (एक वडील, ता. मूर्तिजापूर)

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मला खूप वाईट वाटलं, ते आईसाठी. आधी तिचं बघा, शाळेचं नंतर. मुलाला घेऊन तिच्याजवळ बसा आणि मुलाला माफी मागायला लावू नका, तुम्ही स्वतः बोला, की मीच त्याला चुकीचं सांगितलं, भाषा तुझीच बरोबर आहे. मग तिला म्हणा त्याला एखादी गोष्ट सांग, तिच्या लहानपणची, तिच्याच बोलीत. लेकरू ऐकत बसेल, बघाच.

‘मले’ चूक नाही. ती वऱ्हाडी आहे, आणि पुस्तकातली मराठी वेगळी आहे, दोन्ही लेकराला येऊ शकतात आणि येतातच, त्यासाठी एक काढून टाकावी लागत नाही. लेकरू आजीशी एक, सरांशी एक, क्रिकेट खेळताना तिसरीच अशा तीन भाषा बोलते, त्याला कोणी शिकवत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लिहिलेलं आहे की जिथं शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. मी स्वतः पहिलीच्या वर्गात ‘माही पाटी कुठी हाय’ म्हणणाऱ्या पोराला कधी थांबवलं नाही, मी त्याला उत्तर द्यायची ‘तुझी पाटी तिथं खिडकीत आहे’, दिवाळीपर्यंत तो दोन्ही बोलायचा. थांबवलं की लेकरू बोली सोडत नाही, बोलणंच सोडते. चूप बसून राहते वर्गात. तेराव्या शतकात महानुभावांनी मराठीत लिहिलं ते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, आज तिथं मराठी भाषा विद्यापीठ आहे, आणि त्याच मातीतल्या आजीनं आपल्या बोलण्याची लाज बाळगावी हे मला पटत नाही. पहिल्या पालक सभेत शांतपणे हे बोला. भांडण नको, पण बोला नक्की.

प्रश्न : माझा मुलगा 20 डिसेंबरला सहा पूर्ण करतो. यंदा पहिलीत टाकू का नको? अंगणवाडीत त्याच्यासोबतचे सगळे जाऊन राहिले. (ता. समुद्रपूर)

उत्तर : नियमानं जाऊ शकतो, आपल्या राज्यात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीला प्रवेश मिळतो. पण शाळा उघडेल तेव्हा तो साडेपाचचा असेल, आणि या वयात सहा महिन्याचा फरक खूप मोठा असतो, वर्गात त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठी मुलंही असतील. मी असते तर हे पाहिलं असतं : त्याला काय हवं ते परक्या माणसाला सांगता येतं का, चप्पल-बटन स्वतः करतो का, एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो का. येत असेल तर खुशाल टाका. नसेल तर अंगणवाडीत आणखी एक वर्ष राहू द्या, त्यात काही वाया जात नाही. फक्त सोबतचे जातात म्हणून टाकू नका. आणि जन्मदाखला हाती नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, प्रवेश घ्या आणि दाखला नंतर काढून द्या.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी बाहेर ऊन 45 च्या वर, पोरांना घरात बसवायला मोबाईल दिला, आता सोडतच नाहीत, हिसकला तर मोठा डोकं आपटतो, छोटी ताट फेकते. वय 7 आणि 4. शाळा सुरू झाल्यावर एकदमच बंद करणार आहे. (एक वडील, ता. चिखली)

उत्तर : उन्हात पोरं बाहेर जाऊ नये म्हणून दिला ना, तर त्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका, 45 मध्ये दुसरं काय करणार होते. पण शाळेच्याच दिवशी बंद करू नका हो. मग लेकराच्या डोक्यात पक्कं बसतं की शाळा आली आणि मोबाईल गेला, म्हणजे शाळा वाईट. आतापासून सुरू करा. किती मिनिटं यावरून रोज भांडण होतं, त्यापेक्षा कधी ते ठरवा, जसं की दुपारचं जेवण झाल्यावर एक कार्टून, ते संपलं की मोबाईल चार्जिंगला, आणि चार्जिंगची जागा घरात एकच, उंचावर. तुमचाही मोबाईल जेवताना तिथंच पाहिजे. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल, त्यात एकदा जरी वैतागून दिला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण त्यांना कळते की इतकं रडलं की मिळते.

हातातून एक वस्तू काढली तर दुसरी द्यावी लागते. चिंचोके द्या, मोजायला, जोड्या लावायला, दहा-दहाच्या ढिगाऱ्या करायला, मोठ्याचं गणित त्यातच होतं. फल्ल्या (भुईमुगाच्या शेंगा) फोडायला बसवा, वाटाणे सोलू द्या, वह्यांना कव्हर घालायला सोबत घ्या, वाकडंतिकडं झालं तरी चालेल.

पण एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते, पेरणीचं बियाणं त्यांच्या हाती देऊ नका. घरात पोतं-पाकीट पडलेलं असतं, सरकीला लाल-निळा रंग असतो, लेकरांना तो आवडतो, पण तो रंग औषध लावलेल्या बियाण्याचा आहे, विषारी आहे ते. बियाणं, कीटकनाशक, तणनाशक, सगळं कुलुपात ठेवा, आणि औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्याला वापरायचा नाही, घरात नको आणि वावरातही नको. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं मोठी, धट्टीकट्टी माणसं गेली, लेकराचं अंग ते केवढं.

प्रश्न : आमच्या वस्तीपासून शाळा दोन किलोमीटर, मध्ये नाला आहे. मुलगी तिसरीत, लहान भाऊ पहिलीत, दोघं सोबत पायी जातात. पेरणीत सोडायला कोणी नसते. पावसाची भीती वाटते. (ता. आर्वी)

उत्तर : भीती बरोबर आहे तुमची. नाल्याच्या अलीकडं आणि पलीकडं एकेक घर ठरवून ठेवा, त्या घरच्या बाईला सांगून ठेवा, आणि दोघांना प्रत्यक्ष नेऊन दाखवा की पाणी घोट्याच्या वर दिसलं, किंवा गढूळ पाण्यात तळ दिसला नाही, तर पुढं जायचं नाही, इथं थांबायचं, आम्ही इथंच येऊ. मग कितीही उशीर झाला तरी तुम्ही आधी त्याच घरी जायचं, लेकरं थांबली असतील या विश्वासानं, आणि ती थांबतील ती तुम्ही येता या विश्वासानं. एकदा जरी ‘अरे एवढ्याशा पाण्याला काय थांबले’ म्हणून रागावले तर पुढच्या वेळी ती थांबणार नाहीत. वीज कडाडत असेल तर झाडाखाली उभं राहायचं नाही हे मोठीला पाठ करून द्या. तुमच्या फोनवर दामिनी अ‍ॅप टाकून घ्या, पुण्याच्या हवामान संस्थेनं केलेलं आहे, जवळपास वीज पडणार असेल तर कळवते. पायात चप्पल नको, बंद बूट द्या, पावसाळ्यात धुऱ्यानं (बांधावर) साप-विंचू निघतातच, आणि साप चावला तर मांत्रिकाकडं वेळ घालवायचा नाही, 108 ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

आणि ही एकट्या तुमची जबाबदारी नाही. नियमानं पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत असायला पाहिजे, तशी नसेल तर वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, मुख्याध्यापकांना त्याबद्दल विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश लोक पालकच असतात आणि निम्म्या बाया, तिथं हा विषय लेखी द्या, वस्तीतल्या चार-पाच घरांच्या सह्या घेऊन. आळीपाळीनं एका घरानं सोडायचं असंही ठरवता येते, पेरणी सगळ्यांची एकाच दिवशी नसते.

प्रश्न : सकाळच्या शाळेला पोरगा उपाशीच जातो, उठल्या उठल्या खात नाही, मी पाच रुपयाचं पाकीट देते दप्तरात. (ता. वरुड)

उत्तर : पाकीट नको. त्यानं तहान वाढते आणि मग शाळेतली खिचडी तो खात नाही, ती खिचडी चांगली असते हो, पहिली ते पाचवीच्या लेकरामागं 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, वरून डाळ-भाजी. सकाळी उठल्याबरोबर कोणालाच भूक नसते. अंघोळ झाल्यावर द्या, रात्रीची पोळी कुस्करून फोडणी द्या किंवा दुधात भाकर, अर्धी खाल्ली तरी चालेल, आणि फल्ली-गुळाचा एक लाडू हातात, रस्त्यानं खाईल. पाण्याची बाटली मात्र भरलेलीच पाहिजे, जूनचं ऊन बाराला घरी परत येताना लागते.

प्रश्न : मुलगा आणि सून पुण्याला कंपनीत आहेत. नातू माझ्याजवळ राहते, आता दुसरीत गेला. उन्हाळ्यात दोन महिने तिकडं होता, परवा त्याचा बाप आणून सोडून गेला. निघताना त्याले म्हणाला, ‘आठ दिवसात येतो’. मले माहीत आहे, पोळ्याशिवाय काही येत नाही. पोरगं रोज विचारते किती दिवस झाले, रात्री उठून बसते. मी काय सांगू त्याले? (एक आजी, ता. उमरखेड)

उत्तर : आजी, तुम्ही काही सांगण्याआधी तुमच्या मुलाला फोन करा. रागावू नका त्याच्यावर, लेकरू रडत होतं म्हणून तोंडून निघालं असेल, त्यालाही जड गेलं असेल जाताना. पण नातवाला खरं त्यानंच सांगायला पाहिजे, की बाळा मी आठ दिवस म्हणालो ते चुकलं, मी पोळ्याला येणार आहे. रडेल नातू, खूप रडेल त्या दिवशी, तुमच्या मांडीवर रडू द्या, ‘रडायचं नाही, शहाणा ना तू’ म्हणू नका. आता तो रोज रात्री उठून दरवाज्याची वाट बघते आहे, ते यापेक्षा वाईट आहे. आणि मुलाला म्हणा, पोळ्याची सुट्टी आधी कंपनीत पक्की कर, मगच पोरापाशी पोळ्याचं नाव काढ.

पोळा दोन-तीन महिने लांब आहे, एवढं लेकराला मोजता येत नाही, म्हणून मध्ये छोटे थांबे पाहिजेत. आठवड्यातला एक वार, एक वेळ फोनची ठरवा, समजा रविवार संध्याकाळ दिवे लागले की, आणि ती वेळ आईबापानं चुकवायची नाही, दहाच मिनिटं बोला पण त्याच वेळी. फोनवर ‘अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नको’ एवढंच नको, त्याची आई जी भाजी करत असेल ती दाखवू दे, बाप कंपनीतून येताना काय दिसलं ते सांगू दे. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि रविवार झाला की नातवाच्या हातानं त्यावर टिकली लावू द्या.

शाळेच्या मॅडमच्या कानावरही घालून ठेवा, की बाप परवाच सोडून गेला, आठ-पंधरा दिवस जरा जवळ बसवा. आम्हाला हे कोणी सांगत नव्हतं आणि मग लेकरू वर्गात झोपलं की आम्ही रागवायचो, मला त्याचं आजही वाईट वाटते.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावर असेल तर आताच खाली काढा. त्याची चाकं बघा, एखादं निघालं असेल तर दोघं मिळून ठोकून घ्या, रंग नातवाला निवडू द्या, अन् फोनवर बापाला दाखवू द्या.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न 10 तारखेपर्यंत पाठवा. नाव छापायचं नसेल तर फक्त तालुका लिहा.)